हॅडॉक तिथे पोहोचला कसा? 'लँड ऑफ ब्लॅक गोल्ड'च्या दोन आवृत्त्यांची तुलनावही

९ जून २०२४

आज आम्ही तिघांनी कामाची व्याप्ती ठरवली. बेल्जियन चित्रकथाकार एर्जे यांच्या 'लँड ऑफ ब्लॅक गोल्ड' या तरुण वार्ताहर टिनटिनच्या चित्रकथा-अल्बममध्ये सुरुवातीला त्याचा मित्र कॅप्टन हॅडॉक त्याला फोनवर कळवतो की, आपल्याला युद्धसज्जतेचा हुकूम आला असून एका व्यापारी जहाजाची सूत्रे हाती घ्यायची आहेत. त्यानंतर तो कथेतून नाहीसा होतो आणि बराच मोठा भाग उलटल्यावर, टिनटिन डॉक्टर म्युलर या खलनायकाच्या घरात अडकलेला असताना, वाळवंटातल्या त्या मुलखात अचानक उगवतो. तुम्ही इथे कसे, असे टिनटिन विचारतो. हे एकाच वेळी अगदी सोपे आणि अगदी गुंतागुंतीचे आहे, असे म्हणून कॅप्टन सांगायला लागतो आणि त्याचे सांगणे पुस्तक संपेपर्यंत पुरे होत नाही.

या एका गोष्टीवर वाचक वर्षानुवर्षे तर्क लढवत आले आहेत. आमच्यातही त्यावर पुष्कळ बोलणे झाले, पण प्रत्येक वेळी ते आठवणीच्या भरवशावर झाले आणि त्यामुळे कोणी नेमके काय म्हटले, कधी तोडले, यावरच गाडी अडत राहिली. म्हणून आता अल्बमच्या वेगवेगळ्या आवृत्त्या शेजारी ठेवून चौकटीगणिक एक तुलनावही करायची, तिच्यात फक्त पानावर दिसते तेच लिहायचे आणि तर्कासाठी वेगळा रकाना ठेवायचा, असे ठरले. इतर कोणाला एखाद्या जुन्या चित्रकथेवर असे काम करायचे असेल, तर आमचा कुठे वेळ गेला हे कळावे, एवढ्यासाठी या नोंदी.

१६ जून

कोणत्या आवृत्त्या घ्यायच्या, याचा निर्णय झाला. आपल्याकडे दुकानांत मिळते ते इंग्रजी पुस्तक १९७१ च्या सुधारित आवृत्तीवरून आलेले आहे. लेस्ली लॉन्सडेल-कूपर आणि मायकेल टर्नर यांचे ते भाषांतर मेथ्यून या ब्रिटिश प्रकाशनाने १९७२ मध्ये काढले होते. ते घरात आहेच, मुखपृष्ठ सुटले आहे, पण आतली पाने शाबूत आहेत. त्याच्या शेजारी ठेवायला १९५० चा मूळ रंगीत फ्रेंच अल्बम हवा. अस्सल प्रत आमच्या आवाक्याबाहेरची आहे. मात्र कास्तेरमान या मूळ प्रकाशकाने जुन्या आवृत्त्यांच्या जशाच्या तशा प्रतिकृती काढलेल्या आहेत आणि तुलनेसाठी त्या पुरेशा आहेत.

प्रतिकृतीची जुनी प्रत २,४०० रुपयांना मिळाली, पण परदेशातून आणायचा टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून ती ४,७०० रुपयांना पडली. असे काम करू इच्छिणाऱ्यांनी पुस्तकाच्या किमतीइतकीच रक्कम वाहतुकीसाठी बाजूला काढून ठेवावी. मजकूर वाचून घेण्यासाठी पणजी शहरातली एक मैत्रीण सोबत आहे. तिचे फ्रेंच उत्तम आहे आणि म्हातारपणीही पोर्तुगीज वर्तमानपत्र वाचणाऱ्या आजीच्या घरात ती वाढलेली असल्यामुळे कथेतल्या ओलिव्हेरा दा फिगेरा या लिस्बनच्या फेरीवाल्यावर तिचा विशेष जीव आहे. या फिगेराचे महत्त्व पुढे वाढणार आहे, याची तेव्हा आम्हांला कल्पना नव्हती.

७ जुलै

पार्सल आले. एक कोपरा दबला आहे, आतल्या पानांना काही झालेले नाही.

स्कॅनिंगचा बेत मात्र फसला. टिनटिनच्या मोठ्या अल्बमचे पान साधारण २२ सेंटिमीटर रुंद असते आणि ए-फोर स्कॅनरची काच २१ सेंटिमीटरच्या आसपास संपते. त्यामुळे पानाची एक कड नेहमीच बाहेर राहते आणि शिवणीकडचा भाग काचेला टेकत नसल्याने तिथे काळी सावली पडते. दोन तुकड्यांत स्कॅन करून जोडून पाहिले, तर जोडाजवळचे संवादांचे फुगे किंचित सरकले. शिवाय छपाईतले रंगठिपके ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) लहरींसारखी जाळी उमटवतात. ती ६०० डीपीआयला बरीच कमी होते, पण एका पानाला लागणारा वेळ चौपट होतो. पुस्तकाची शिवण उसवून पाने सुटी करण्याची सूचना एकाने केली आणि बाकी दोघांनी ती तिथेच फेटाळली, कारण पुस्तक राखण्यासाठीच तर हा खटाटोप आहे.

१४ जुलै

स्कॅनर बाजूला ठेवून मोबाइलने छायाचित्रे काढायला घेतली. पाव इंच जाडीची काच पानावर ठेवायची, मोबाइल उभ्या पट्टीवर आडवा बांधायचा आणि खिडकीचा प्रकाश डावीकडून घ्यायचा. काचेला १८० रुपये लागले, पट्टी घरातलीच होती. अडचण आली ती पावसाची. पुण्यात या दिवसांत आभाळ दर पाच मिनिटांनी रंग बदलते, त्यामुळे एकाच पानाची दोन छायाचित्रे एक पिवळट तर दुसरे निळसर येऊ लागले आणि दोन आवृत्त्यांतल्या रंगांची तुलना अशक्य झाली. शेवटी पडदा ओढून, दोन सारखे पांढरे दिवे दोन्ही बाजूंना ४५ अंशांत लावले आणि प्रत्येक छायाचित्रात कोपऱ्यात एक करडी पट्टी ठेवली, म्हणजे नंतर सगळ्यांचा रंग एका मापावर आणता येतो. दमट हवेत काचेखाली पान चिकटते. ते ओढून न काढता काच आधी एका बाजूने उचलावी.

४ ऑगस्ट

पुढचे जवळजवळ तीन आठवडे ज्या कामात गेले, ते काम रद्द करावे लागले आहे. त्याचे कारण सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न हाती घेणारा प्रत्येक वाचक आधी याच वाटेने जाईल.

हॅडॉकचा सागरी मार्ग आखून त्याच्या पोहोचण्याची शक्यता तपासावी, असा विचार होता. तो व्यापारी जहाजावर आहे, म्हणजे जहाज कुठल्या तरी बंदराला लागले असणार. अँटवर्पहून जिब्राल्टरमार्गे हैफा सुमारे ३,३०० सागरी मैल भरते आणि त्या काळचे मालवाहू जहाज दहा नॉटने चालले, तर दोन आठवड्यांत पोहोचते. कथेतले दिवस मोजून हे बसते का पाहायचे, म्हणून नकाशा छापून त्यावर टाचण्यासुद्धा लावल्या होत्या.

दोन्ही आवृत्त्यांची पाने समोरासमोर आली आणि नकाशा निरुपयोगी ठरला. १९५० च्या आवृत्तीत टिनटिन हैफाला उतरतो. ती ब्रिटिश अमलाखालची पॅलेस्टाइन आहे, तिथे ब्रिटिश पोलीस आणि सैनिक आहेत आणि टिनटिनसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच एका माणसाच्या गफलतीतून ज्यू भूमिगत संघटनेचे लोक त्याला पळवतात. १९७१ च्या आवृत्तीत हे सर्व काढून टाकलेले आहे. ब्रिटिश गेले, ती गफलत गेली, हैफाही गेले आणि त्यांच्या जागी खेमेद या काल्पनिक देशाचे काल्पनिक बंदर आले. आता बाब एल एर या बंडखोर शेखची माणसे टिनटिनलाच थेट पळवतात. खेमेदचा किनारा पुढे 'द रेड सी शार्क्स'मध्ये तांबड्या समुद्रावर दाखवला आहे. म्हणजे एका आवृत्तीतल्या हॅडॉकला भूमध्य समुद्र पुरतो, तर दुसरीतल्या हॅडॉकला सुवेझ कालवा ओलांडून यावे लागते, आणि एवढे बदलूनही त्याच्या तोंडचे ते अर्धवट वाक्य तसेच राहते. ज्या वाक्याला समुद्र बदलल्याने काहीही फरक पडत नाही, त्या वाक्यात मार्ग दडलेला असू शकत नाही. टाचण्या काढल्या.

१५ ऑगस्ट

सुट्टी असल्याने तिघेही दिवसभर बसलो आणि वहीचा मुख्य भाग लिहिला. रकाने असे आहेत: पान, चौकट, कोण बोलते, काय म्हटले, कशाने तुटले. तर्काचा रकाना कडेला आहे आणि तो आजही जवळजवळ कोरा आहे.

हॅडॉकचे निवेदन प्रत्येक वेळी पूर्ण वाक्याने सुरू होते. सांगण्यासारखे काही नाही म्हणून तो टाळतो आहे, असे एकाही चौकटीत दिसत नाही. उलट तो सांगायला उत्सुक आहे, बैठक मारून सांगावे अशा बेताने सुरुवात करतो आणि दर वेळी बाहेरची घटना त्याला तोडते. आधी म्युलर तिथल्या अमिराच्या लहान मुलाला, अब्दुल्लाला, घेऊन निसटतो, म्हणून धावावे लागते. मग पाठलाग सुरू होतो. त्यात थॉमसन आणि थॉम्पसन हे दोन गुप्तहेर म्युलरच्या गोळ्या ॲस्पिरिन समजून गिळतात, त्यांच्या डोक्याला आणि दाढीला रंग बदलणारे केस फुटतात आणि सगळ्यांचे लक्ष तिकडे जाते. शेवटी सगळे निवांत बसलेले असताना, टिनटिनने तेलाच्या कटाचा सगळा उलगडा केल्यानंतर, कॅप्टनची पाळी येते. तो सिगार शिलगावतो, सुरुवात करतो आणि अब्दुल्लाच्या खोडीची ती सिगार फटाक्यासारखी उडते.

हे शेवटचे पान काचेखाली ठेवून फार वेळ पाहिले. टिनटिनला सगळे सांगता यावे म्हणून चौकटीमागून चौकट मजकुराने भरलेली आहे. एर्जे इतका दाट मजकूर सहसा देत नाहीत. फॉर्म्युला चौदा हे त्या गोळ्यांतले रसायन म्हणजे काय, तो पेट्रोलमध्ये मिसळून युद्धाच्या वेळी शत्रूची यंत्रे कशी निकामी करायची होती, कॅप्टनचा शास्त्रज्ञ मित्र प्राध्यापक कॅल्क्युलस याने त्या गोळ्या तपासून त्यांवर उतारा कसा शोधला आणि त्यात कॅप्टनचा मार्लिनस्पाइकचा वाडा कसा अर्धा उडाला, हे सगळे वाचकाला मिळते. म्हणजे जागा नव्हती म्हणून कॅप्टनची हकीकत राहिली, हे स्पष्टीकरण टिकत नाही. एवढा उलगडा करणाऱ्या पानावर दोन ओळींची आणखी एक हकीकत मावली असती.

दुसरी गोष्ट पणजीतल्या मैत्रिणीने दाखवली आणि मला ती या वहीतली सर्वांत मोलाची नोंद वाटते. कॅप्टन उगवण्याच्या थोडे आधी, टिनटिनला म्युलरच्या घरात शिरता यावे म्हणून फिगेरा त्याला आपला पुतण्या अल्वारो म्हणून सोबत नेतो आणि घरातल्या नोकरांना त्या पुतण्याची करुण कहाणी ऐकवत बसतो. ती कहाणी पूर्णपणे रचलेली आहे. तरीही तिला निवांत श्रोते मिळतात, कोणी मध्ये बोलत नाही, ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. त्याच घरात काही पानांनी खरी हकीकत घेऊन आलेल्या माणसाला एक वाक्य पुरे करायला मिळत नाही. दोन प्रसंग इतके जवळ आणि इतके उलट ठेवलेले आहेत की, एक दुसऱ्यासाठी मुद्दाम मांडला आहे, असे मी ठामपणे मानतो. वहीत मात्र हे तर्काच्या रकान्यातच लिहिले आहे.

१ सप्टेंबर

प्रकाशनाच्या तारखांचा तक्ता जोडला. हा तक्ता सुरुवातीलाच केला असता, तर नकाशाचे काम करावेच लागले नसते, म्हणून नव्याने काम करणाऱ्यांनी कोणतीही चौकट मोजण्याआधी हे करावे.

ही कथा 'ल पती व्हँतिएम' या बालपुरवणीत २८ सप्टेंबर १९३९ पासून येऊ लागली. १० मे १९४० रोजी जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरले आणि पुरवणी बंद पडली, तेव्हा कथा वाळवंटात, वादळाच्या सुमारास थांबली होती. त्या वेळी कॅप्टन हॅडॉक अस्तित्वातच नव्हता. तो पहिल्यांदा आला 'द क्रॅब विथ द गोल्डन क्लॉज'मध्ये, आणि ती कथा 'ल स्वार' या दैनिकाच्या बालपुरवणीत ऑक्टोबर १९४० मध्ये सुरू झाली. कॅल्क्युलस आणि मार्लिनस्पाइकचा वाडा हे त्याच्याही नंतरचे.

अर्धी राहिलेली ही कथा एर्जे यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये 'टिनटिन' साप्ताहिकात पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, ती १९५० च्या फेब्रुवारीपर्यंत चालली. मध्ये १९४९ च्या उन्हाळ्यात त्यांची प्रकृती ढासळल्याने ती काही आठवडे बंदही होती. तोपर्यंत वाचकांच्या मनात टिनटिनशेजारी हॅडॉक पक्का बसला होता, त्याच्याशिवाय कथा देणे शक्य नव्हते आणि जुन्या मांडणीत त्याला कुठेही काम नव्हते. म्हणून सुरुवातीला एक फोन आणि शेवटी एक आगमन, अशी दोन टोके जोडली गेली. मधला सगळा भाग मुळात हॅडॉकविना रचलेला होता आणि तो तसाच राहिला. युद्धसज्जतेचा हुकूम हे त्यासाठी वापरलेले कारणही १९३९ च्या वातावरणातलेच आहे. कथेतली युद्धाची चाहूल आणि राखीव माणसांना आलेली बोलावणी हे सर्व त्याच वर्षाचे आहे.

इथे बरेच वाचक थांबतात आणि उत्तर मिळाले असे समजतात. कॅप्टन नंतर घुसवला गेला हे खरेच आहे. पण तेवढ्याने, तो कथेत कसा आला हे का सांगितले नाही, याचे उत्तर मिळत नाही. घुसवलेल्या पात्राला दोन वाक्यांचे कारण देणे हे कोणत्याही चित्रकथाकाराला सहज जमणारे काम आहे, आणि कारण द्यायचेच नसेल, तर टिनटिनला प्रश्न विचारायला न लावणे त्याहून सोपे. प्रश्न पुस्तकानेच विचारला आहे. तो झाकायचा असता, तर विचारलाच गेला नसता.

२२ सप्टेंबर

१९७१ चा रकाना पूर्ण झाला. मेथ्यूनच्या आग्रहावरून ही आवृत्ती तयार झाली, कारण ब्रिटिश अमलातले पॅलेस्टाइन तोवर इतिहासजमा झाले होते आणि नव्या वाचक मुलांना तो संदर्भ लागला नसता. एर्जे यांचे सहकारी बॉब द मूर यांना अँटवर्पच्या गोदीत धाडून, त्या काळातल्या तेलवाहू जहाजाची रेखाटने करून आणवली आणि टिनटिन ज्यातून प्रवास करतो ते स्पीडॉल स्टार हे जहाज पुन्हा काढले. फरक भिंगाखाली ठळक दिसतो. जुन्या जहाजावर डेकचा कठडा आणि दोन-चार ढोबळ आकार आहेत, नव्यावर नळ, झडपा, दोरखंडाचे खुंट एकेक ओळखता येतात. दुकानांच्या पाट्यांवर आधी अरबीचा भास करून देणाऱ्या वळणदार रेघा होत्या, तिथे खरी अरबी अक्षरे आली. एक पाटी दोन्ही आवृत्त्यांतून मोठी करून वहीत शेजारी लावली आहे.

एवढ्या बारकाईने हात फिरवताना हॅडॉकच्या चौकटींना मात्र धक्का लागलेला नाही. बदल प्रामुख्याने कथेच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात आहेत, तर कॅप्टनचे तुटलेले सांगणे शेवटच्या भागात. वीस वर्षांनी पुस्तक पुन्हा उघडले गेले, काळाशी न जुळणाऱ्या गोष्टी एकेक करून काढल्या गेल्या, पाटीवरचे अक्षरसुद्धा तपासले गेले, आणि ही जागा तशीच ठेवली गेली. माझ्या मते, ती मुद्दाम मोकळी ठेवली आहे याचा पानावर दिसणारा सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे. आमच्यापैकी एकाला हे पटत नाही. काम जिथे नडत होते तिथेच केले गेले आणि बाकीच्याला हात लावायचे कारण नव्हते, असे त्याचे म्हणणे आहे. त्याचे मतही तर्काच्या रकान्यात, माझ्या मताशेजारी, त्याच्याच शब्दांत लिहिले आहे.

६ ऑक्टोबर

वही पुरी झाली. एकूण खर्च ६,१०० रुपये. त्यात प्रतिकृती, काच, दोन दिवे आणि छापलेला तो नकाशा आला.

इतरांना द्यायची प्रत केवळ शब्दांत आहे, चित्रे तिच्यात नाहीत. एर्जे यांचे निधन ३ मार्च १९८३ रोजी झाले. भारतीय कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतात, म्हणजे ते २०४३ च्या अखेरपर्यंत आहेत, आणि बेल्जियममध्ये त्याहून दहा वर्षे अधिक. छायाचित्रे आमच्यापुरती ठेवली आहेत. पान आणि चौकटीचा क्रमांक दिलेला असल्याने ज्याच्याकडे पुस्तक आहे, त्याला प्रत्येक नोंद स्वतः पडताळता येईल. क्रमांक लिहिताना मथळ्याची आडवी पट्टी चौकट म्हणून मोजू नये, डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली एवढेच सूत्र ठेवावे. आमच्यात यावरून दोन पाने दोनदा लिहावी लागली.

पुढचा रकाना १९४८ ते १९५० मधल्या साप्ताहिक हप्त्यांचा असेल. अल्बम बांधताना हप्त्यांतल्या काही चित्रपट्ट्या (चौकटींच्या आडव्या रांगा) गाळल्या किंवा सरकवल्या जाणे ही त्या काळची रीत होती, त्यामुळे हॅडॉकच्या प्रत्येक अर्ध्या वाक्याआधीची आणि नंतरची पट्टी हप्त्यात काय आहे, ते पाहायचे आहे. हप्ते घेताना सुटा अंक न घेता लागोपाठचे अंक घ्यावेत, कारण वाक्य एका आठवड्याच्या शेवटी तुटते आणि ते कशाने तुटले, हे पुढच्या आठवड्यात कळते.